ओटीपी माझ्याच मोबाइलवर आला होता, मग सगळे पैसे मीच फेडायचे का?

ताई नमस्कार, तुमचं सदर नेहमी वाचते. मी ऐरोलीला राहते, खासगी शाळेत प्रायमरीला शिकवते, मिस्टर महापे एमआयडीसीत सुपरवायझर आहेत, मुलगी आठवीत आहे. पगाराचं खातं माझं, क्रेडिट कार्ड पण माझ्याच नावावर, लिमिट दोन लाख. मिस्टरांना क्रिकेटवर पैसे लावायचा नाद लागला हे मला फार उशिरा कळलं. सुरुवातीला शेअर मार्केटला टाकतोय, ओटीपी सांग, असं म्हणून मी वर्गावर असताना फोन करायचे आणि मी सांगायचे, नंतर माझ्या मोबाइलचा आणि बँकेच्या अ‍ॅपचा पिन त्यांना माहीत झाल्यावर ते विचारणं पण बंद झालं. अ‍ॅपवर तीन लाखांचं प्री-अप्रूव्ह्ड लोन दिसत होतं, ते त्यांनी मी झोपलेली असताना घेतलं, पाच मिनिटात खात्यात जमा झालं आणि पंधरा दिवसांत त्यातले दोन लाख दहा हजार उडाले. कार्डावरचे एक लाख चौदा हजार पण त्यांचेच. एवढं सगळं त्यांनी कबूल केलंय.

पण पुढचं वेगळं आहे. जिंकलेले पैसे अ‍ॅपमधून निघत नव्हते म्हणून टेलिग्रामवरच्या कुठल्यातरी एजंटने एक एपीके फाइल (थेट मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) पाठवली, ती त्यांनी माझ्या मोबाइलमध्ये टाकली, आणि त्याच शुक्रवारी रात्री, म्हणजे शनिवार लागला होता, लोनमधले उरलेले नव्वद हजार यूपीआयने गेले आणि कार्डावरून चोपन्न हजार. मिस्टर मुलीची शपथ घेऊन सांगतात की हे मी केलेलं नाही. सकाळी मेसेज बघितले, शनिवार-रविवार भांडणात आणि रडण्यात गेला, सोमवारी फोन करून कार्ड ब्लॉक केलं, बुधवारी हाफ डे घेऊन ब्रँचला लेखी तक्रार दिली, शिक्का मारलेली पोच आहे. महिन्याभराने उत्तर आलं की ट्रान्झॅक्शन ओटीपी आणि पिनने झालेले आहेत, जबाबदारी ग्राहकाची, तक्रार बंद. आता कार्डाचं व्याज-दंड धरून एक लाख शहाऐंशी हजार दाखवतात, लोनचा पहिला हप्ता गेला, दुसरा बाउन्स झाला. रिकव्हरीवाले शाळेच्या ऑफिसला फोन करतात, साताऱ्याला सासूबाईंनाही फोन गेला, सुनेला अटक होईल म्हणून सांगितलं. माझा भाऊ म्हणतो जुगाराचं कर्ज कायद्याने फेडावंच लागत नाही, एक रुपया देऊ नकोस. नणंदेचे मिस्टर म्हणतात सगळंच फ्रॉड म्हणून सायबरला टाक. मिस्टर रात्र रात्र जागे असतात, परवा म्हणाले माझ्यामागे तुम्ही तरी सुटाल. काय करू? सोबत स्टेटमेंट पाठवते आहे.
— स. प., ऐरोली

सविताताई म्हणू का, स. वरून काहीतरी नाव धरून बोलते म्हणजे मला समोरासमोर बोलल्यासारखं वाटेल.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिलीय, माझ्यामागे तुम्ही तरी सुटाल. बँकेचं नंतर बघू, आधी हे. असं बोलणाऱ्या माणसाला एकटं सोडू नका, आणि तो काय नुसता बोलतोय असंही कोणाला म्हणू देऊ नका. मी बँकेच्या वसुली विभागात नोकरी केलीय, कर्जापायी घरं कशी कोसळतात ते फार जवळून बघितलंय आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी माणूस आधी असं काहीतरी बोललेला असतो. आजच्या आज १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतं आणि मराठीत बोलतात. त्यांनी लावला नाही तर तुम्ही लावा आणि फोन त्यांच्या हातात द्या. त्यांना सरळ विचारा, जीव द्यायचं मनात येतं का, असं विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट मोकळं बोलायला वाट मिळते. घरात औषधं, फिनेल वगैरे हाताशी ठेवू नका. आणि ऐरोलीहून ठाणे काय लांब नाही, ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत दोघं मिळून जा, नावाला घाबरू नका, तिथे बाहेरून दाखवून घरी जाणारे पेशंट भरपूर असतात. जुगाराचा नाद हा आजार आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही आहे, त्यामुळे शपथा घालून तो सुटेल ही आशा सोडा, उपचार लागतात. सासूबाईंनाही हे असंच सांगा.

आता पैसे. तुम्हाला दोन सल्ले मिळालेत, एक म्हणतो काहीच देऊ नको, दुसरा म्हणतो सगळंच फ्रॉड म्हण, आणि माझ्या मते दोन्ही तुम्हाला बुडवतील. तुमच्या स्टेटमेंटमध्ये दोन वेगळी प्रकरणं एकमेकांत मिसळलेली आहेत आणि ती वेगळी करणं हेच तुमचं पहिलं काम आहे. बँकेनं ती वेगळी केली नाहीत कारण तुम्हीही तक्रारीत केली नव्हती, तुमच्या अर्जात नुसतं "माझ्या खात्यातून पैसे गेले" एवढंच आहे, त्यावर तिथल्या माणसाने ओटीपीचा लॉग बघितला आणि फाइल बंद केली.

मी तुमचं स्टेटमेंट पेन घेऊन बसून बघितलं. मिस्टरांचे म्हणून जे व्यवहार आहेत ते पाचशे, हजार, दोन हजार, कधी पाच हजार असे आहेत, वेळ बघा, संध्याकाळी साडेसात ते अकरा, म्हणजे मॅच चालू असतानाची, आणि मधेमधे दोनशे-चारशे परत पण आलेत. आणि त्या रात्रीचे बघा. १:३८ ला पंचवीस हजार, मग पंचवीस, मग वीस, मग वीस, मधेच कार्डावरून अठरा-अठरा हजार तीनदा, २:०५ ला सगळं थांबलं. सत्तावीस मिनिटं. पैसे घेणारी नावं आधी कधीच न आलेली, एक ट्रेडर्स, एक एंटरप्रायझेस, एक तर चक्क मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. कुठली मॅच रात्री दोनला चालू होती? हा फरक कोणालाही डोळ्यांनी दिसतो आणि हाच तुमचा पुरावा आहे. सगळंच फ्रॉड म्हणून टाकलंत तर हा फरकच पुसला जातो, मग मॅचच्या वेळचे पाचशे रुपये पण फ्रॉड कसे असं विचारल्यावर तुमच्याकडे उत्तर नसेल आणि खरे एक लाख चव्वेचाळीस हजार पण हातचे जातील.

शिवाय पोलिसांना जाणूनबुजून खोटं सांगणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम २१७. नणंदेच्या मिस्टरांचा हेतू चांगला असेल, पण सही तुमची असणार.

आधी वादातली रक्कम, नव्वद अधिक चोपन्न, एक लाख चव्वेचाळीस हजार. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबद्दल. त्यात असं आहे की चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणी घुसून पैसे काढले, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित, तुमच्यासारख्या बचत खात्याला आणि पाच लाखांपर्यंत लिमिटच्या कार्डाला जास्तीत जास्त दहा हजार. तुम्हाला वाटतंय पाच दिवस गेले. नाही गेले. मोजणी तुमच्या ब्रँचच्या कामकाजाच्या दिवसांनी करायची आणि मेसेज आला तो दिवस सोडून द्यायचा. तो शनिवार महिन्याचा दुसरा शनिवार होता, मेसेज त्या दिवशीचा म्हणून तसाही सुटला, रविवार सुटला, सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन. तुमची शिक्क्याची पोच बुधवारची आहे. ती पोच लॅमिनेट नका करू पण जपा मात्र सोन्यासारखी, आणि सोमवारच्या ब्लॉकच्या कॉलचा रेफरन्स नंबर पण शोधून काढा.

बँक काय म्हणणार ते आधीच सांगते. म्हणणार की एपीके तुमच्या घरातल्याच माणसाने टाकली, पिन त्याला माहीत होता, हा ग्राहकाचा निष्काळजीपणा. त्याच परिपत्रकात निष्काळजीपणा असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं असंही आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही, खरी लढाई इथेच होईल. पण निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, हे पण त्यातच लिहिलंय, आणि नुसतं ओटीपी बरोबर पडला म्हणजे ग्राहकानेच केलं असं होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टेट बँकेला गुवाहाटीच्या एका ग्राहकाचे ९४ हजार रुपये परत करायला लावणारा निकाल कायम ठेवला, त्यातही त्या ग्राहकाला भुलवून मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकायला लावलं होतं, त्याने मात्र लगेच कळवलं होतं. आपल्या मुंबई हायकोर्टाने जून २०२४ मध्ये बँक ऑफ बडोदाला ७६ लाख ९० हजार परत द्यायला सांगितले ते याच २०१७ च्या परिपत्रकावर, आणि त्या प्रकरणात आधी लोकपालाने, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्याने, ग्राहकाला नकार दिला होता. म्हणजे दार बंद झालं असं समजू नका, पण हमी आहे असंही मी म्हणत नाही.

बँकेला आता नवीन पत्र द्यायचं, ब्रँचला नाही, प्रिन्सिपल नोडल ऑफिसरला, म्हणजे बँकेतल्या तक्रारींच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला, मेलने आणि स्पीड पोस्टने दोन्ही. भाषा साधी ठेवा, साधारण अशी: "माझ्या खात्यातील व कार्डावरील सोबत जोडलेल्या सात व्यवहारांना माझी संमती नव्हती. बाकीच्या व्यवहारांबद्दल माझी तक्रार नाही. हे व्यवहार ज्या मोबाइलवरून झाले त्याची डिव्हाइस आयडी, आयपी पत्ता, ओटीपी पाठवल्याची व वापरल्याची वेळ, पैसे घेणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव, त्याचा मर्चंट कॅटेगरी कोड व त्याची बँक ही माहिती मला द्यावी. मी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले आहे, पोच सोबत आहे." बाकीच्या व्यवहारांबद्दल तक्रार नाही हे वाक्य लिहायला तुमचा हात थांबेल, पण तेच वाक्य तुम्हाला खरं ठरवणार आहे. कॅटेगरी कोड मुद्दाम मागायचा, धंदा कसला ते त्यावरून कळतं, जुगाराला ७९९५ हा कोड असतो, आणि हे अ‍ॅपवाले जुगाराचे पैसे किराणा, कपडे, मोबाइल रिपेअरिंग अशा दुकानांच्या नावावर भाड्याच्या खात्यांतून गोळा करतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला त्यात बँका आणि पेमेंट कंपन्यांनाही असे पैसे पुढे पाठवायला मनाई आहे, त्यामुळे हा प्रश्न बँकेला टोचतो. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही, तेव्हा मिस्टरांना घेऊन पोलीस स्टेशनला जायला घाबरू नका.

कार्डाचे चोपन्न हजार फ्रॉड म्हणून वादात टाकले की वाद मिटेपर्यंत त्यावर व्याज-दंड लावायचा नाही असा कार्डांचा नियम आहे, २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत तो स्पष्ट आहे. तुमच्या एक लाख शहाऐंशी हजारात अठरा हजार व्याज, लेट फी आणि जीएसटी आहे, त्यातला चोपन्न हजारांच्या वाट्याचा भाग उलटवून मागा, तेही त्याच पत्रात.

१९३० ला फोन आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार तुम्ही अजून केलेली दिसत नाही. उशीर झालाय, पहिल्या काही तासांत केली असती तर पुढच्या खात्यात पैसे अडवता आले असते, पण तरी करा, फक्त त्या सात व्यवहारांची, आणि पावती घेऊन तुमच्या हद्दीच्या पोलीस स्टेशनला किंवा नवी मुंबईच्या सायबर पोलिसांना द्या. टेलिग्रामवरची चॅट, एजंटचा नंबर, ती एपीके फाइल, काहीही डिलीट करू नका, आधी स्क्रीनशॉट आणि कॉपी, पोलिसांना दाखवून झाल्यावरच मोबाइल पूर्ण रिसेट. तोपर्यंत त्या मोबाइलवरून बँकेचं काहीही उघडू नका, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

तक्रार एकदा फेटाळली गेली आहे त्यामुळे तुम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तशाही जाऊ शकता, बँकेच्या उत्तरापासून ठरलेल्या मुदतीत, फी नाही, वकील लागत नाही. पण मी म्हणेन नोडल ऑफिसरला पंधरा-वीस दिवस द्या, त्यांनी माहिती दिली तर तक्रार मजबूत होते, नाही दिली तर तेच लोकपालाला लिहिता येतं. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर, अडलं तर १४४४८. कागदावर पाठवायची असेल तर फोर्टच्या ऑफिसला नेऊन देऊ नका, ती चंदीगडला सेक्टर १७ च्या रिझर्व्ह बँकेत जाते. तिथेही नाही जमलं तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही.

आता जे मिस्टरांनी केलं ते. कार्डाचे एक लाख चौदा हजार आणि लोनचे दोन लाख दहा हजार, तीन लाख चोवीस हजार. भावाचं म्हणणं अगदी हवेतलं नाही, १८७२ च्या करार कायद्यात कलम ३० आहे, पैजेचा करार रद्दबातल, आणि आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ चा एक कायदा पैजेला जोडलेले करारही रद्द ठरवतो. पण ते पैज लावणारे आणि घेणारे यांच्यातलं झालं. बँकेने तुम्हाला पैसे पैजेसाठी नाही दिले, पर्सनल लोन म्हणून दिले, पुढे ते कुठे गेले ते तिला माहीत नव्हतं. या मुद्द्यावर कोर्टात भांडायला वकिलाला मजा येईल, तुम्हाला नाही. त्याच्या भरवशावर हप्ते थांबवू नका.

लोन मी घेतलंच नाही असं तुम्ही म्हणू शकता का? खरं तर म्हणू शकता, तुम्ही झोपलेल्या होतात. पण मग ते करणारा माणूस अनोळखी नाही, तुमचा नवरा आहे, दुसऱ्याचा पिन-पासवर्ड वापरून फसवणूक म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ सी, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तो रस्ता तुमचा हक्क आहे, कोणी तुम्हाला त्यापासून अडवायचा अधिकार नाही, सासूबाईंनाही नाही, आणि त्याबद्दल वकिलाशी बोलायचं असेल तर ठाणे कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, स्त्रियांना उत्पन्न न बघता फुकट वकील देतात, फोन १५१००. मी फक्त एवढंच म्हणेन की तो निर्णय घ्यायचा तर उघड घ्या, अर्धं झाकून नको. पत्रावरून मला वाटलं तुम्हाला तो घ्यायचा नाहीये, म्हणून पुढचं त्या हिशोबाने लिहिते.

लोनचा हप्ता आधी, कार्ड नंतर, असा क्रम ठेवा. बाउन्स झालेला हप्ता या महिन्यात भरून टाका, कारण खात्यातून आपोआप जाणारा हप्ता पैसे नसल्याने परत गेला तर २००७ च्या पेमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखीच फौजदारी केस होऊ शकते, एवढ्या एका गोष्टीत रिकव्हरीवाल्यांच्या धमकीत थोडं तथ्य आहे. बाकी नुसतं कर्ज थकलं म्हणून अटक होत नाही, ते दिवाणी प्रकरण आहे. हप्ता झेपणार नसेल तर बाउन्स व्हायच्या आधी लेखी द्या, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. कार्डावर मिनिमम ड्यू भरत बसू नका, बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के व्याज असतं, मिनिमम भरून मुद्दल हलतच नाही, कबूल असलेल्या एक लाख चौदा हजारांचे ईएमआय करून मागा, व्याज बरंच कमी होतं. आणि जे भराल ते "वादातील चोपन्न हजार सोडून" असं मेलमध्ये लिहून भरा.

सेटलमेंटची ऑफर येईल, तीस-चाळीस टक्के माफ वगैरे. मिस्टरांचा पगार चालू आहे, तुमचा चालू आहे, माझ्या मते ती ऑफर घेऊ नका. सिबिलवर "सेटल्ड" असा शेरा पडतो, मुलगी आठवीत आहे, चार वर्षांनी एज्युकेशन लोन लागलं तर तोच शेरा समोर येईल. अगदीच नाही झेपलं तर घ्या, पण कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका आणि एजंटच्या यूपीआयवर तर कधीच नाही. वादातली रक्कम थकबाकी म्हणून सिबिलला लागली असेल तर तिथे वेगळा वाद टाका, तीस दिवसांत निकाल नाही लावला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे.

शाळेला आणि सासूबाईंना गेलेले फोन, हे मला सगळ्यात जास्त लागलं. रिकव्हरीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांत-ऑफिसात बदनामी करायची नाही, हे ऑगस्ट २०२२ चं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे, आणि एजंट काय करतो त्याला बँक जबाबदार. तक्रार चालू असताना केस एजन्सीकडे पाठवायचीच नाही हे तर २००८ पासून आहे. शाळेच्या क्लार्कला सांगा तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवायला, सासूबाईंच्या फोनवरचा नंबर मागून घ्या, आणि हे पण नोडल ऑफिसरच्या पत्राला जोडा. हेडमिस्ट्रेसना तुम्ही स्वतःच दोन वाक्यांत सांगा, फ्रॉडची तक्रार चालू आहे, फोन आले तर माझ्याकडे द्या. त्यांना दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा हे बरं. पगारावर टाच कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय येत नाही, आणि आली तरी पहिले हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून, म्हणजे अठ्ठावीस हजार पगार धरला तर महिन्याला नऊ हजारांच्या वर नाही, पीएफला तर हातच लावता येत नाही. पण पगाराचं खातं आणि कर्ज एकाच बँकेत आहे, बँक थकबाकी परस्पर वळती करून घेऊ शकते, तेव्हा पगार दुसऱ्या बँकेत घ्यायचा अर्ज शाळेत द्या आणि हप्त्याचे पैसे वेळेवर इकडे टाका.

आणि नळ बंद करा. कार्डाचं ऑनलाइन वापराचं बटन अ‍ॅपमध्ये बंद, यूपीआयची मर्यादा पाच हजार, प्री-अप्रूव्ह्ड लोन नको असं बँकेला लेखी. मिस्टरांचा पगार काही महिने तुमच्या हातात, त्यांच्या संमतीने, उपचार करणाऱ्या डॉक्टरांसमोर ठरवून. त्यांच्या आणि तुमच्या, दोघांच्या पॅनवर क्रेडिट रिपोर्ट काढा, सिबिलसारख्या चारही क्रेडिट रिपोर्ट कंपन्या वर्षातून एक फुकट देतात, अजून एखादं अ‍ॅप-लोन लपलेलं असेल तर आत्ताच कळू दे. दागिने मोडू नका, निदान उपचार सुरू होऊन खेळणं थांबलंय याची खात्री होईपर्यंत.

ताई, मी खारघरला राहतो, मागच्या वर्षी एका बेटिंग अ‍ॅपमधून सहा हजार जिंकले ते खात्यात आले, नंतर खेळणं सोडलं. आता अचानक दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या तक्रारीवरून माझं अख्खं खातं गोठवलंय, घराचा हप्ता पण जाणार नाही. बँक म्हणते आमच्या हातात काही नाही.
— वि. क., खारघर

दादा, ते सहा हजार ज्या खात्यातून आले ते कोणाच्या तरी फसवणुकीचे पैसे फिरवणारं भाड्याचं खातं निघालं असणार, असंच होतं हल्ली. बँकेच्या हातात एक गोष्ट नक्की आहे, माहिती. तक्रारीचा नंबर, कुठलं पोलीस स्टेशन, किती रकमेसाठी अडवलंय, हे लेखी मागा. मग त्या तपास अधिकाऱ्याला मेल करा, सहा हजार कुठून आणि का आले ते खरंखरं सांगून, स्टेटमेंट जोडून, आणि मागणी एवढीच ठेवा की वादातल्या सहा हजारांवर लियन ठेवा, म्हणजे तेवढेच अडवा, बाकी खातं मोकळं करा. तुम्ही खेळलात हे लपवू नका, ऑगस्ट २०२५ च्या त्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही आणि लपवलंत तर तुम्ही पैसे फिरवणारे वाटाल. पंधरा दिवसांत हललं नाही तर वकिलामार्फत कोर्टात अर्ज, खारघर रायगड जिल्ह्यात येतं त्यामुळे फुकट वकिलासाठी चौकशी पनवेल कोर्टातल्या विधी सेवा समितीत करा, ठाण्याला नको. घराच्या हप्त्याचं त्या बँकेला आजच कळवा आणि दुसऱ्या खात्यातून भरा, आणि पोलीस आहे म्हणून फोन करून खातं सोडवायचे पैसे मागणारा कोणी आला तर तो पोलीस नाही, त्याचा नंबर १९३० ला द्या.